उशाला धोंडा

रुईकर कॉलनी, कोल्हापूर
३ जून २०२४

आक्काताई,

परवा तुझ्या नातीनं, शिवानीनं, फोन तुझ्या कानाशी धरला. मी घसा फुटेस्तोवर ओरडले आणि तू आपली 'पाऊस हाय का तिकडं' एवढंच विचारत राहिलीस. म्हणून हे पत्र. टेलिफोन एक्सचेंजमध्ये चौतीस वर्षं मी अख्ख्या जिल्ह्याची बोलणी जोडून दिली, आणि स्वतःच्या मामेबहिणीशी बोलायला मला पोस्टमन लागतो. असो.

काम असं आहे. मी लॉन उपटलं. हंबीररावांचं लॉन. ते गेल्याला दोन वर्षं झाली, पण त्यांचं गवत माझ्या उरावर बसून पाणी पीतच होतं. इथं नळाला एक दिवसाआड पाणी, तेही करंगळीएवढं. मी भांडी घासलेलं पाणी बादलीत साठवायचं आणि त्या परदेशी गवतानं चोख पाणी ढोसायचं. बरं, त्यावर बसायला एक चिमणी येत नव्हती. मागच्या सोमवारी दोन गडी लावले आणि काढून टाकलं. आदर्श, म्हणजे माझा पुतण्या, वरच्या मजल्यावर राहतो तो, तोंड पाडून म्हणाला, "काकी, काकांची आठवण होती ती." मी म्हटलं, काकांची आठवण भिंतीवरच्या फोटोत आहे, आणि फोटोला पाणी लागत नाही.

शेजारची निशिगंधा रोज सकाळी पाइप लावून समोरचा रस्ता धुते. रस्ता सरकारचा, पाणी सगळ्यांचं, भक्ती तिची. परवा मला म्हणते, "काकू, आता काय लावणार? आमच्यासारखं प्लॅस्टिकचं गवत टाका." मी उत्तर दिलं ते तुला लिहीत नाही.

तर मला तुमच्या कातळवाडीच्या माळावरचं काहीतरी दे. मे महिन्यात, गौरी-गणपतीत आजोळी यायचो तेव्हा त्या माळाला कोण पाणी घालायचं? कुणी नाही. तरी पावसात कसा उठायचा! खरपुडीचे कंद आपण उकरून खायचो, आठवतं? तुझी आई ओरडायची, "मोठा खावा, बारकी परत त्याच खड्ड्यात घाला." तसलं काहीतरी पाठव. मला बाग हवी आहे, लाडावलेली सवत नको.

संयोगिता

*

कातळवाडी, पो. नेसरी
२० जून २०२४

संयू,

तुजं पत्र पावलं. शिवानीकडनं वाचून घेतलं न्हाय, माजं मी वाचलं. कान गेलेत, डोळं हाईत की.

येत्या सोमवारी सकाळच्या यष्टीनं एक पोतं धाडती. कंडक्टर वळखीचा हाय, स्टँडवर आदर्शला लावून दे. पोत्यात खरपुडीचं कंद हाईत, रानहळद हाय, कळलावी हाय. कळलावीला हात लावून तोंडाला लावू नको, इखारी असतीया. धायटीची दोन रोपं आन करवंदीची दोन फडक्यात बांधल्यात. पुडीत तेरड्याचं बी हाय, ते नुसतं फेकायचं, लाड करायचं न्हाईत.

खरपुडीचं नीट आयक. माती भुसभुशीत केलीस तर कुजंल. दगडगोटं घाल, कडंचा मुरूम घाल. पाऊस पडतोय तवर पडू दे, दसऱ्यानंतर थेंब घालायचा न्हाय. दिवाळी सरली की येल वाळतोय, वर काय म्हंजी काय दिसत न्हाय. तवा मेलं म्हणून उकरू नको. निजल्यालं असतंय. आमची आई, अव्वा, काय करायची ठावं हाय न्हवं? येल वाळायच्या आदी त्येच्या उशाला धोंडा ठेवायची. माळावर गुराख्यांनी ठेवल्यालं धोंडं बगूनच मी ह्ये कंद काढल्यात, न्हायतर जूनात कोण सांगणार कुटं काय निजलंय.

हिकडं समदं बरं हाय. माळ बरा हाय. सूरजला काम लागलंय, घरात चार दिस बरं हाईत.

तुजी,
आक्काताई

*

कोल्हापूर
१६ सप्टेंबर २०२४

आक्काताई,

तू आता इथं असायला हवी होतीस. कान नसले तरी चाललं असतं, हे बघायचंच आहे.

तेरडा कमरेला लागला. कळलावी कुंपणावर चढून अशी पेटली आहे की रस्त्यावरचे लोक गाडी थांबवतात. आणि खरपुडी! साठ वर्षांनी मी ते फूल पाहिलं. वेताच्या कंदिलासारखं, आत जांभळे केस. एक चिलट आत शिरलं ते दिवसभर अडकून राहिलं आणि दुसऱ्या दिवशी केस सुकल्यावर सुटलं. मी खुर्ची टाकून बघत बसले. कोठडीतून सुटलेल्या पुढाऱ्यासारखं झटकून निघालं आणि पुढच्या फुलात शिरलं.

पानांवर काळ्यापिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या दिसल्या तेव्हा मी औषधाचा पंप बाहेर काढला होता. नशिबानं माझी तेजस्वी पुण्याहून आली होती. ती म्हणाली, "आई, थांब, तेच तर पाहिजे." पंधरा दिवसांनी त्यांची केशरी फुलपाखरं झाली. त्यांची मादी पायांनी चव घेते म्हणे. पानावर पाय टेकवते, हेच का आपलं पान ते बघते, आणि पटलं तरच अंडं घालते. माझ्या सासूनं स्थळं एवढी पारखली नसतील. शिंजीर पक्षी मध प्यायला रोज येतो. एक मुंगूस मागच्या बाजूला घर करून आहे. टाकीचं पाणी मी जूनपासून बागेला घातलेलं नाही.

गौरीच्या दिवशी गल्लीतल्या बायका आल्या. दरवर्षी तेरडा विकत आणायचा, यंदा संयोगिताकाकूंच्या दारात. गौर मुळासकट लागते म्हणून मुळासकट उपटून नेली. नेऊ दे, बी पुष्कळ पडलं आहे. निशिगंधाही आली, नाक मुरडत, आणि सगळ्यांत मोठी जुडी घेऊन गेली.

एक विचारायचं राहिलं. खरपुडीच्या पोत्यात कंद मोजले तर अठ्ठावन्न. त्यात बारकेसुद्धा. तू बारके कधी उचलत नाहीस. तुझ्या आईचा नियम तू मोडलास तो कशासाठी?

संयोगिता

*

कातळवाडी
५ नोव्हेंबर २०२४

संयू,

दिवाळी झाली, आता लिवती. दिवाळीच्या आदी लिवायचं म्हटलं तर हात चालंना.

मी माळ बरा हाय म्हणून लिवलंतं. बरा न्हवता. तुजं पोतं भरलं त्याच्या दुसऱ्याच दिशी जेसीबी लागला. मुरूम काढत्यात, रस्त्याला. वरचा आर्दा माळ गेलाय, पिंपळाच्या खालचाबी चाललाय. बारकं कंद परत कुटल्या खड्ड्यात घालू? खड्डाच ऱ्हायचा न्हवता. म्हणून समदं उचलून तुला धाडलं. अव्वाचा नेम मी मोडला, तिचा तळतळाट लागला तर मला लागंल.

आनि एक. सूरजला काम लागलंय म्हटलंतं, ते त्या जेसीबीवर. माजाच पोरगा मशीन चालवतोय. सांजच्याला लाल धूळ घिऊन घरात येतोय, मी न्हाणीत पाणी काढून देती. त्येला बोलली एकदा. म्हणाला, "आई, मी न्हाय गेलो तर दुसरा कोण बसंल. माळ ऱ्हायील व्हय?" मला उत्तर आलं न्हाय. तुला येत आसंल तर कळीव.

आता खरपुडी म्हंजी तुज्या दारातलीच. दुसरी मला ठावं न्हाय. येल पिवळा पडाय लागला की धोंडा ठेव. इसरू नको.

आक्काताई

*

कोल्हापूर
२८ नोव्हेंबर २०२४

आक्काताई,

मला उत्तर येतं. उत्तर असं की माळ जात असताना तू साडेचार महिने गप्प बसलीस. मी इथं फुलपाखरांच्या गोष्टी लिहीत होते आणि तू तिथं माळ खाऊन आलेल्या पोराला आंघोळीला गरम पाणी काढून देत होतीस. माझ्याकडं पोतं पाठवलंस म्हणजे जबाबदारी संपली का? वेळेवर कळवलं असतंस तर मी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या असत्या. माझं इंग्रजी नन्सनी छडी मारून पक्कं केलं आहे, ते काही फक्त नातवंडांचा अभ्यास घ्यायला नाही.

आता चार पानी अर्ज दिला आहे. मराठीत एक, इंग्रजीत एक. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "मॅडम, माळावर तुमची जमीन आहे का?" मी म्हटलं, नाही. "मग तुमचं काय जातंय?" मी त्याला पोच द्यायला लावली, शिक्क्यासकट. एवढंच माझ्या हातात होतं.

वेल वाळले. अकरा ठिकाणी कंद आहेत, अकरा धोंडे ठेवले. निशिगंधा कुंपणावरून म्हणाली, "काकू, हे काय थडगी बांधली का दारात?" गल्लीतल्या चारचौघी हसल्या.

संयोगिता

*

कोल्हापूर
२० जानेवारी २०२५

आक्काताई,

तुझं पत्र नाही. रागावली असशील. रागावण्यासारखं मी लिहिलं होतं, पण खोटं लिहिलं नव्हतं.

कचेरीचं उत्तर आलं. उतरवून देते, म्हणजे माझ्या भाषेचा दोष नाही हे कळेल. 'परवानगीपूर्वी मार्च महिन्यात स्थळपाहणी केली असता सदर माळ उजाड असून उल्लेखनीय वनस्पती आढळून आली नाही.' मार्चमध्ये! मध्यरात्री घरात शिरून, कुणी बोलत नाही म्हणून घर रिकामं आहे असं लिहिण्यातला प्रकार. मी पुन्हा अर्ज केला. पावसाळ्यात पाहणी करा म्हटलं. पावसाळ्यापर्यंत पाहायला काय उरणार ते तुला ठाऊक आहे.

संक्रांतीचं हळदीकुंकू केलं यंदा, अंगणात. बत्तीस बायका आल्या. सगळं व्यवस्थित झालं, कुणी ठेचकाळलं नाही. माझा मात्र उजवा गुडघा संपला आहे. फेब्रुवारीत पुण्याला ऑपरेशन, नंतर दोन-अडीच महिने तेजस्वीकडं. आदर्शला बजावलं आहे की बागेला पाणी घालायचं नाही, हात लावायचा नाही. "काकी, तुम्ही निर्धास्त जा," म्हणाला. पोरगं प्रेमळ आहे. त्याची बायको क्रांतीही.

दोन ओळी तरी लिही.

संयू

*

कातळवाडी
३ फेब्रुवारी २०२५

संयू,

तुज्या त्या पत्रातली गरम पाण्याची ओळ फाडून चुलीत घातली, बाकीचं ठेवलंय. तू ल्हानपणीबी आशीच व्हतीस, आदी चावायची आन मग माजाच पदर धरून रडायची.

गुडघ्याचं नीट कर. डॉक्टरला शानपन शिकवू नको.

माळ संपला. मशीन आता पलीकडच्या गावाला गेलं, सूरज त्येच्यासंगं. धोंडं हलवू देऊ नको कुनाला.

आक्काताई

*

कोल्हापूर
२ मे २०२५

आक्काताई,

परवा परत आले. आदर्श पुण्याला न्यायला आला होता, वाटेत शिट्टी वाजवत होता. फाटकाशी गाडी थांबवून म्हणाला, "काकी, डोळे मिटा. सरप्राइज आहे."

मी सत्तरीच्या घरातली बाई, वॉकर धरून फाटकात डोळे मिटून उभी. उघडले तर अंगण नाही. लाल-करडे सिमेंटचे ब्लॉक, भिंतीपासून भिंतीपर्यंत, फरशीसारखे सपाट. मधोमध त्याची गाडी उभी राहील एवढा पिवळा चौकोन. खाली मुरूम घालून रोलर फिरवला, त्यावर चार इंच काँक्रीट, मग ब्लॉक. मार्चमध्येच काम उरकलं म्हणे, माझ्या परत येण्याआधी सुकायला हवं म्हणून.

"वॉकरचं चाक कुठं अडकणार नाही बघा," असं म्हणाला. क्रांती ओवाळायला ताट घेऊन उभी. आणि मी तिथंच, आक्काताई, भर गल्लीत, त्याला असं बोलले की ती ताट घेऊन तशीच आत गेली. "काय केलंस?" म्हटलं, "बाग कुठं आहे?" तर म्हणतो, "काकी, काहीच नव्हतं. नुसती ढेकळं होती. सगळं वाळून गेलं होतं, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून फोनवर बोललो नाही." मार्चमध्ये काहीच नव्हतं! त्या कचेरीत याला साहेब करून बसवायला हवं.

करवंद काटेरी म्हणून तोडली. धायटी मात्र आठवण म्हणून प्लॅस्टिकच्या कुंडीत लावून रोज दोन तांबे पाणी घातलं. मुळापासून कुजली आहे. उकरलेली माती ट्रॉलीनं कुठं टाकली ते कुणाला माहीत नाही.

हात लावायचा नाही असं मी बजावलं होतं. शब्द दिला होता त्यानं. शिकलासवरलेला माणूस, इंजिनिअर, त्याला एवढं कळू नये? मी त्याच्याशी बोलत नाही. जेवण वरून येतं ते परत पाठवते.

संयू

*

कातळवाडी
१२ मे २०२५

संयू,

वाचलं. दोन डाव वाचलं.

येक सांग. धोंडं व्हतं न्हवं? अकरा धोंडं बगून तर पोरानं इचारलं आसतं, काकीनं ह्ये का मांडून ठेवल्यात. धोंडं बगून कोन 'काय न्हाय' म्हणत न्हाय. धोंडं कुटं गेलं?

पोराचं जेवान परत धाडू नको. अन्नाचा काय गुना.

आक्काताई

*

कोल्हापूर
८ जून २०२५

आक्काताई,

तुझा प्रश्न पंचवीस दिवस माझ्यासमोर टेबलावर पडला आहे.

कॉन्व्हेंटात असताना आमच्या ख्रिश्चन मैत्रिणी शनिवारी लाकडी पडद्याआड जायच्या आणि पाप सांगून पाच मिनिटांत बाहेर यायच्या, चेहरा धुतल्यासारखा. मला हेवा वाटायचा. मी घरी विचारलं होतं, आपल्यात असं नाही का? तुझी आई तेव्हा आमच्याकडं आली होती. ती म्हणाली, "आपल्यात ज्याचं बिघडवलं त्यालाच जाऊन सांगायचं." तेव्हा सांगते.

धोंडे मीच काढले. हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी. बायका ठेचकाळतील असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण निशिगंधाचं ते 'थडगी'. बत्तीस बायकांसमोर ती पुन्हा म्हणाली असती आणि सगळ्या हसल्या असत्या. मी, जिनं आयुष्यात कुणाची भीड ठेवली नाही, ती एका रस्ता धुणाऱ्या बाईच्या हसण्याला भ्याले. धोंडे मागच्या न्हाणीशेजारी रचले, हळदीकुंकू झालं की परत ठेवू म्हटलं. मग गुडघा, तपासण्या, पुणे. आदर्शला 'हात लावू नको' म्हटलं, पण कशाला ते सांगितलं नाही. त्याला तरी काय दिसलं असणार? तो धोंड्यांचा ढीगही त्यानं काँक्रीटखाली भरीला घातला.

पुढचं ऐक. ब्लॉक बसवणाऱ्यांत चिमणाबाई म्हणून एक होती. ती मागच्या गल्लीत कामावर आहे असं कळलं म्हणून वॉकर घेऊन गेले. भुदरगडकडची बाई. मी विचारायच्या आत म्हणाली, "बाई, तुमच्या दारात खरपुडी व्हती की! खणताना कंद बगून मी वळखली. मुकादमाला म्हणलं, ह्ये काढाय नगं, तर हसला." मोठे कंद तिनं आणि दुसऱ्या बायकांनी दुपारच्या भाकरीबरोबर खाल्ले. आणि बारके? माझ्याकडं जरा नवलानं बघून म्हणाली, "बारकी कोन खातंय? परत पुरली की. तितंच, खड्ड्यात."

तिथंच. नेमानं पुरली. मागोमाग मुरूम आला, मग रोलर, मग काँक्रीट.

मी आदर्शला हाक मारली. महिन्याभरानंतर पहिल्यांदा. सगळं सांगितलं, धोंड्यांचंही. दुसऱ्या दिवशी त्यानं ब्रेकर घेऊन माणूस आणला. चिमणाबाई बोट दाखवायला आली, पण सगळं एकसारखं सपाट झाल्यावर ती तरी काय सांगणार? "हितंच कुटंतरी" म्हणत ती तीनदा जागा बदलून उभी राहिली. दोन ठिकाणी फोडलं. पहिल्या खड्ड्यात काही नाही. दुसऱ्यात चार कंद मिळाले. मी हातात घेतले तर भिजलेल्या कापसासारखे दबले. आतून पांढरं पाणी आलं. सिमेंटचं पाणी मुरलं होतं त्यांच्यात.

आदर्श म्हणाला, "काकी, सगळं फोडू." त्याचे हात सोलले होते. ब्रेकरवाला थकल्यावर स्वतः धरला होता त्यानं. मी चारही कंद त्याला दाबून दाखवले आणि राहू दे म्हटलं. पाऊस तर यंदा मे महिन्यातच सुरू झाला होता. उठणारे असते तर एव्हाना कोंब तरी फुटला असता.

सूरजबद्दल मी तुला जे लिहिलं होतं, ते तू चुलीत घातलंस ते बरं केलंस.

संयू

*

कातळवाडी
२६ जून २०२५

संयू,

मी सूरजचं लपिवलं, तू धोंड्यांचं. आता तुजं माजं फिटलं.

तुला वाटंल आक्काताईकडं येकादा तरी कंद मागं ऱ्हायला आसंल. न्हाय ऱ्हायला. पत्र आल्यावर सूरजला घिऊन माळावर गेल्ती. माळ म्हणायचं, हाय त्यो डबरा. पाणी भरलंय, म्हशी डुंबत्यात. कडंकडंनं हिंडलो. सूरज पुडं हुता, वाकून वाकून बगत हुता. त्येला ल्हानपणी मीच दावली हुती खरपुडी. "आई, हितं आसंल," म्हणायचा. न्हवती.

येत्या सोमवारच्या यष्टीनं पोतं धाडती. लगेच उगडून खुळ्यागत खूस हू नको, त्यात कंद न्हाईत. धोंडं हाईत, अकरा. माळाच्या कडंला गुराख्यांनी ठेवल्यालं, मशीनच्या तावडीतनं सुटल्यालं. सूरजनंच येचलं. स्टँडवर त्योच पोचवणार हाय. कंडक्टर कुरकुरंल, म्हणंल दगडं कोन पार्सल करतंय.

खाली जित्तं हाईत का न्हाईत ह्येचा इचार करत बसू नको. उशाला ठेव. आपलं काम तेवडंच व्हतं, तेबी वक्ताला झालं न्हाय.

आक्काताई

*

कोल्हापूर
१३ जुलै २०२५

आक्काताई,

पोतं पोचलं. कंडक्टर कुरकुरला.

धोंडे ठेवले, ब्लॉकांवर, अंदाजानं. आदर्शनं एक-एक उचलून दिला, मी काठीनं जागा दाखवली. त्याच्या पिवळ्या चौकोनात तीन आले. तो गाडी रस्त्यावर लावतो आता. निशिगंधा पाइप हातात घेऊन कुंपणापाशी आली होती. मी वाट पाहत होते की म्हण, थडगी म्हण, यंदा मी 'होय' म्हणेन. ती धोंड्यांकडं बघत राहिली आणि पाइप बंद करून आत गेली.

आठवड्यापूर्वी दोन ब्लॉकांच्या फटीतून हिरवं आलं. मी कुणालाही बोलले नाही. रोज सकाळी चष्म्यावर भिंग धरून बघायची. सहाव्या दिवशी पानं कातरलेली निघाली. काँग्रेस गवत होतं. उपटून टाकलं.

काल दुपारी तासभर ऊन पडलं. मी व्हरांड्यात बसले होते. केशरी फुलपाखरू आलं, मादी. कळलावी होती त्या कोपऱ्यातून शिरली, त्यांची ती वाट ठरलेली असावी. खाली उतरली आणि एका ब्लॉकवर पाय टेकवले. उठली. पुढच्या ब्लॉकवर. मग त्याच्या पुढच्या. धोंडा आला की त्यावरही टेकवायची, थांबायची, पुन्हा उठायची. घाई नव्हती तिला. भिंतीपर्यंतची सगळी ओळ तिनं चाखली.

मला वाटलं, आता जाईल.

ती वळली आणि पुन्हा पहिल्या ब्लॉकपासून सुरुवात केली.

संयू